चूक माणसाची की कामाच्या मांडणीची?
मेंदूविज्ञानाच्या प्रकाशात कार्यक्षमतेचा विचार

कार्यालयात, कारखान्यात किंवा रुग्णालयात एखादी चूक घडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ही कोणी केली?’ नाव कळते, ज्ञापन दिले जाते, सेवापुस्तिकेत ‘निष्काळजीपणा’ हा शब्द नोंदवला जातो आणि प्रकरण मिटल्याचे समाधान सर्वांना लाभते. काही महिन्यांनी तशीच चूक त्याच टेबलावर बसणाऱ्या दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातून होते. माणूस बदलूनही चूक तीच राहत असेल, तर तिचे मूळ माणसापेक्षा कामाच्या मांडणीत शोधावे लागते.

हा शोध घेण्यासाठी लागणारे ज्ञान आज उपलब्ध आहे. मेंदूचे सामर्थ्य मोठे असले तरी त्याचे अवधान, तात्पुरती स्मृती आणि जागृती यांना निश्चित मर्यादा आहेत, हे गेल्या सहा-सात दशकांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे. या मर्यादा दटावण्याने, बढतीच्या आमिषाने किंवा ‘मन लावून काम करा’ अशा उपदेशाने ओलांडता येत नाहीत. मात्र त्या ओळखून काम आखले, तर तोच माणूस कमी चुका करतो आणि कमी थकतो. ज्या क्षेत्रांत चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागते, त्या विमानवाहतुकीने आणि शस्त्रक्रियेने हा धडा इतरांच्या आधी गिरवला.

अवधानाची अरुंद वाट

एकाच वेळी अनेक कामे करू शकणारा कर्मचारी हुशार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. चालता चालता बोलणे सर्वांनाच जमते, कारण चालणे सवयीने होते आणि त्यासाठी जाणीवपूर्वक निर्णय घ्यावा लागत नाही. पण ज्या दोन कामांसाठी विचार आणि निवड करावी लागते, ती मेंदू सहसा एकत्र करीत नाही. तो एकावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर उड्या घेतो. अशा प्रत्येक उडीत काही क्षण वाया जातात व चुकांचे प्रमाण वाढते, असे प्रयोगशाळेतील चाचण्यांत वारंवार आढळले आहे. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये याच्या पुढची एक बाब मांडली. अर्धवट सोडलेल्या कामाचा काही अंश मनात मागे रेंगाळतो आणि नव्या कामाला पूर्ण अवधान मिळत नाही. त्याला तिने ‘अवधानाचा अवशेष’ असे नाव दिले.

व्यत्ययाचा परिणाम नेहमी संथपणाच्या रूपात दिसतो असेही नाही. ग्लोरिया मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, ज्यांना वारंवार व्यत्यय आणला गेला त्यांनी काम उलट लवकर संपवले. मात्र त्यांच्या मनावरचा ताण, वैताग आणि श्रमाची जाणीव लक्षणीय वाढलेली होती. म्हणजे सतत वाजणाऱ्या फोनमध्येही काम ‘होते’, म्हणून वरिष्ठांना काही बिघडल्याचे दिसत नाही. त्याची झीज कर्मचारी सोसत असतो.

वैमानिकांच्या बाबतीत या झिजेने प्राणांचे मोल घेतले. ११ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील शार्लट येथे उतरताना ईस्टर्न एअरलाइन्सचे एक विमान कोसळले आणि ७० हून अधिक माणसे दगावली. उतरण्याच्या नाजूक टप्प्यात वैमानिक कामाशी संबंध नसलेल्या विषयांवर बोलत होते, असे चौकशीत उघड झाले. अशा आणखी अपघातांनंतर १९८१ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने नियम केला : दहा हजार फुटांखाली, उड्डाण करताना व उतरताना, कॉकपिटमध्ये उड्डाणाव्यतिरिक्त अन्य बोलणे किंवा काम करायचे नाही. या नियमाचे मर्म असे की, वैमानिकांना केवळ ‘लक्ष द्या’ असे सांगून तो थांबला नाही. लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टीच त्याने त्या टप्प्यातून काढून टाकल्या.

गोव्यातील एखाद्या मामलेदार कचेरीतील खिडकी यासाठी डोळ्यांसमोर आणावी. लिपिक एक-चौदाच्या उताऱ्यातील नोंदीसाठी सर्व्हे क्रमांक व उपविभाग उतरवीत असतो. त्याच वेळी समोरचा नागरिक ‘माझ्या अर्जाचे काय झाले?’ असे विचारतो, आतून साहेबांचे बोलावणे येते आणि मोबाइलवर कार्यालयीन गटाचा संदेश खणखणतो. या गोंधळात एका आकड्याची अदलाबदल झाली, तर ती दुरुस्त करून घेण्यासाठी एखाद्या कुटुंबाला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. दोष लिपिकाच्या माथी जातो. पण आकडे उतरवण्याचे काम आणि लोकांना उत्तरे देण्याचे काम एकाच वेळी एकाच माणसाकडे सोपवण्याचा निर्णय त्याने घेतलेला नसतो.

हातातल्या स्मृतीची ओंजळ

दूरध्वनी क्रमांक ऐकून तो लिहून घेईपर्यंत जी स्मृती तो धरून ठेवते, तिला मानसशास्त्रात कार्यस्मृती म्हणतात. कपाळामागे असलेला मेंदूचा अग्रभाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तिच्यात मोठी भूमिका बजावतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची क्षमता साधारण सात घटकांची मानली. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये उपलब्ध पुराव्यांची पुन्हा छाननी केली आणि ती जेमतेम चारच्या आसपास असल्याचे दाखवले. तज्ज्ञाची ओंजळही फार मोठी नसते. अनुभवामुळे तो अनेक सुट्या गोष्टींचा एकच गठ्ठा बांधतो, म्हणून त्याच्या ओंजळीत अधिक मावते इतकेच. पण घाई, गोंगाट किंवा अनपेक्षित प्रसंग आला की त्या गठ्ठ्यातील एखादी कडी निसटते आणि ती निसटल्याचे त्याला जाणवतही नाही.

३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन येथे बोइंगच्या एका नव्या बॉम्बर विमानाची चाचणी होती. वैमानिक लष्करातील अनुभवी अधिकारी होता. विमान उभे असताना वाऱ्याने त्याची नियंत्रणे हलू नयेत म्हणून लावलेली कडी सोडायची राहून गेली. विमानाने झेप घेतली आणि लगेच ते कोसळले. विमानाच्या यंत्रणेत बिघाड नव्हता आणि वैमानिकात कौशल्याची उणीवही नव्हती. एका डोक्यात धरून ठेवता येतील त्यापेक्षा जास्त गोष्टी त्या विमानाने वैमानिकाकडून मागितल्या होत्या. त्यातून उड्डाणापूर्वीची तपासयादी जन्माला आली. पुढे तेच विमान बी-१७ या नावाने दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने वापरले गेले.

हीच कल्पना शस्त्रक्रियागृहात नेणाऱ्यांत डॉ. अतुल गवांदे अग्रणी होते. त्यांचा जन्म अमेरिकेतला, पण वडिलांचे मूळ गाव विदर्भातील यवतमाळ जिल्ह्यात. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या गटाने १९ मुद्द्यांची तपासयादी सिद्ध केली. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक दिले की नाही, शेवटी सुया व कापसाचे बोळे मोजले की नाही, असे तिचे अगदी साधे स्वरूप होते. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या गुंतागुंतींचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर, तर मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले. या काळात शल्यविशारद तेच राहिले. फरक पडला तो आठवण्याचा भार डोक्यावरून कागदावर उतरवल्यामुळे आणि त्या निमित्ताने सर्वांनी क्षणभर थांबून एकमेकांशी बोलल्यामुळे.

या यशाला एक पुस्ती जोडणे आवश्यक आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने हीच यादी सर्व रुग्णालयांना सक्तीची केली. १०१ रुग्णालयांच्या आकडेवारीवर आधारलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात उल्लेखनीय घट दिसली नाही. वरून आलेला फर्मा म्हणून भरला जाणारा कागद स्मृतीला आधार देत नाही. चौकटीत खुणा करण्याचे ते आणखी एक काम होऊन बसते. यादी लहान हवी, ती प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी घडवलेली हवी आणि ती वाचताना काम थांबवण्याची मुभा हवी. या तीन अटी पाळल्या नाहीत, तर चांगले साधनही निष्प्रभ ठरते.

जागरणाची उधारी

तिसरी मर्यादा झोपेची. माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत अॅडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते व झोपेची ओढ वाढते. कॉफीतील कॅफिन या द्रव्याची ग्राहके अडवून धरते. त्यामुळे पेंग तात्पुरती लपते, साचलेली गरज मात्र तशीच राहते. याच्या जोडीला मेंदूतील हायपोथॅलॅमसमधील पेशींचा एक लहान पुंजका प्रकाशाच्या आधारे शरीराचे दैनंदिन घड्याळ चालवतो. पेशींमध्ये हे घड्याळ कसे चालते, याचा उलगडा करणारे जेफ्री हॉल, मायकल रॉसबाश आणि मायकल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये जागरण आणि मद्य यांची तुलना केली. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतकी घसरते, असे त्यांना आढळले. भारतातील मोटार वाहन कायद्यानुसार वाहनचालकासाठीची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दुहेरी पाळी करून मध्यरात्री दुचाकीवरून घरी निघालेल्या कामगाराने मद्याला स्पर्शही केलेला नसतो. तरीही त्याची प्रतिक्रिया कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या अवस्थेपेक्षा मंद असू शकते. रस्त्यावरचे कोणतेही यंत्र ही अवस्था मोजत नाही.

थोड्या थोड्या झोपेची तूट तर अधिक फसवी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही निरोगी व्यक्तींना १४ दिवस रोज चार किंवा सहा तासच झोपू दिले. त्यांची अवधानाची क्षमता दिवसागणिक ढासळत गेली आणि अखेरीस ती एक-दोन रात्री संपूर्ण जागून काढलेल्या माणसाच्या पातळीवर आली. मात्र आपल्याला किती झोप येते आहे, याबद्दलचे त्यांचे स्वतःचे मत पहिल्या काही दिवसांनंतर फारसे बदलले नाही. ‘मला सहा तास पुरतात’ हे विधान म्हणूनच पुराव्यादाखल घेता येत नाही. जो अवयव थकला आहे, त्यालाच थकव्याचे मोजमाप करायला सांगितले जात असते.

ही तूट कामाच्या आखणीने कमी करता येते, हेही सिद्ध झाले आहे. बॉस्टन येथील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात शिकाऊ डॉक्टरांच्या सलग दीर्घ पाळ्या रद्द करून छोट्या पाळ्या लावण्यात आल्या. जुन्या वेळापत्रकात गंभीर वैद्यकीय चुका नव्यापेक्षा सुमारे ३६ टक्के अधिक होत होत्या, असे २००४ च्या अहवालाने दाखवले. त्याआधी १९८२ मध्ये युटा राज्यातील एका खनिज कारखान्यात पाळ्यांची दिशा बदलण्याच्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शरीराच्या घड्याळाला वेळ मागे ओढण्यापेक्षा पुढे सरकवणे सोपे जाते. म्हणून सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने आणि एका पाळीत अधिक दिवस ठेवून कामगारांना फिरवले गेले. त्यांचे समाधान वाढले आणि उत्पादनही वाढले. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागले नाही, केवळ वेळापत्रकाचा तक्ता बदलला गेला.

डुलकीबाबतचे पुरावे गोमंतकीयांना विशेष रुचतील. अमेरिकेच्या नासा संस्थेने पॅसिफिक महासागरावरील लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांना, सहकारी विमान सांभाळत असताना, आळीपाळीने ४० मिनिटांची विश्रांती दिली. त्यात ते सरासरी २६ मिनिटे झोपले. विश्रांती न मिळालेल्या गटात विमान उतरण्यापूर्वीच्या अर्ध्या तासातही काही क्षणांच्या नकळत डुलक्या नोंदल्या गेल्या. विश्रांती घेतलेल्या गटात त्या वेळी अशी एकही नोंद नव्हती. दुपारची सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. शरीराच्या दैनंदिन लयीतच तो उतार असतो. दुपारी दुकान ओढून घेऊन वामकुक्षी करणाऱ्या गोव्यातील व्यापाऱ्याची बाहेरच्यांनी आळशी म्हणून थट्टा केली. पण त्याच्या परंपरेत शरीरशास्त्राशी सुसंगत असे काहीतरी होते. अर्थात ती डुलकी अर्ध्या तासाच्या आत संपली तरच. गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू बराच वेळ जडच राहतो.

भीतीच्या छायेतील मेंदू

थोडा ताण कामाला धार आणतो, अति ताण ती बोथट करतो. येल विद्यापीठातील एमी आर्न्स्टन यांच्या संशोधनानुसार, आपल्या हाती काही नाही अशा तीव्र ताणाच्या प्रसंगी मेंदूत नॉरअॅड्रेनालिन व डोपामिन ही रसायने प्रमाणाबाहेर स्रवतात आणि प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचे कार्य क्षीण होते. तारतम्य, संयम व कार्यस्मृती यांचा आधार तेथेच असल्याने माणूस विचारापेक्षा सवयीने आणि प्रतिक्षिप्तपणे वागू लागतो. सर्वांसमोर खडसावल्या गेलेल्या कर्मचाऱ्याच्या हातून पुढच्याच तासात दुसरी चूक घडावी, यात नवल नाही.

भीतीचा दुसरा परिणाम संस्थेच्या दृष्टीने अधिक घातक असतो. हार्वर्डमधील एमी एडमन्सन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. उत्तम गटांत औषधांच्या चुका कमी असतील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात चांगल्या नेतृत्वाच्या गटांत चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या. तेथे चूक सांगणे सुरक्षित असल्याने ती नोंदवली जात होती, तर धाक असलेल्या ठिकाणी ती दडपली जात होती. ज्या कार्यालयाच्या दप्तरी एकही चूक नाही, त्याच्या प्रमुखाने निर्धास्त होण्याऐवजी सावध झालेले बरे.

मेंदूच्या नावाने चालणारा बाजार

या ज्ञानाच्या सावलीत एक बाजारही फोफावला आहे. माणूस मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरतो, हे विधान प्रशिक्षण शिबिरांत आजही ऐकू येते. त्याला कोणताही आधार नाही. शरीराच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. एवढा खर्चिक अवयव निसर्गाने नव्वद टक्के पडीक ठेवला असता, हे संभवत नाही. ‘डाव्या मेंदूचे’ हिशेबी आणि ‘उजव्या मेंदूचे’ कल्पक, ही कर्मचाऱ्यांची विभागणीही तितकीच निराधार आहे. मेंदूचे खेळ खेळून कामातील क्षमता वाढते अशी जाहिरात करणाऱ्या ‘ल्युमॉसिटी’च्या चालक कंपनीला, दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याच्या आरोपावरून, २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले.

खरे व खोटे ओळखण्याची एक साधी खूण आहे. खोटे विज्ञान कर्मचाऱ्याचा मेंदू ‘सुधारण्याचे’ आश्वासन देते आणि कामाची पद्धत जशीच्या तशी ठेवते. खरे विज्ञान मेंदू आहे तसा स्वीकारते आणि पद्धत बदलायला सांगते. व्यवस्थापनाला पहिला पर्याय सोयीचा वाटतो, कारण त्यात दोष व प्रयत्न दोन्ही कर्मचाऱ्याच्या वाट्याला जातात.

येथे काय करता येईल

वेर्णासारख्या औद्योगिक वसाहतींतील औषधनिर्मितीचे कारखाने, किनाऱ्यावरील हॉटेले, रुग्णालये आणि सरकारी कचेऱ्या यांवर गोव्यातील मोठ्या नोकरवर्गाचा चरितार्थ चालतो. यांपैकी अनेक ठिकाणी काम रात्रंदिवस चालते. वरील निष्कर्ष तेथे आणण्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही. नोंदी उतरवणे, औषधे मोजणे, रोकड जुळवणे अशा कामांसाठी दिवसातील एखादा तास व्यत्ययमुक्त ठरवता येईल आणि त्या वेळेत लोकांची चौकशी दुसऱ्या खिडकीकडे वळवता येईल. पाळी बदलताना तोंडी निरोपाऐवजी पाच-सहा मुद्द्यांचा लेखी निरोप देता येईल. पाळ्यांचा क्रम पुढच्या दिशेने लावणे, दोन पाळ्यांमध्ये पुरेशी झोप होईल इतके अंतर ठेवणे आणि रात्रपाळी संपवून निघालेल्यांसाठी वाहनाची सोय करणे, हे व्यवस्थापनाच्या अधिकारातील निर्णय आहेत. चूक स्वतःहून कळवणाऱ्याला संरक्षण देण्याचा निर्णयही तसाच आहे.

यात कर्मचाऱ्याची जबाबदारी संपते, असा अर्थ कोणी काढू नये. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहत बसणे किंवा हिशेब लिहिताना संदेश चाळणे, हे ज्याच्या त्याच्या हातात आहे. जाणूनबुजून केलेल्या हयगयीला शिक्षा हवीच. पण हयगय आणि मर्यादा यांतील भेद ओळखण्याची जबाबदारी अधिकाराच्या खुर्चीवर बसलेल्याची आहे. पुढच्या वेळी एखाद्या कचेरीत ज्ञापनाचा मसुदा तयार होत असेल, तेव्हा त्यावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : ही चूक घडली तेव्हा तो माणूस किती तास जागा होता, त्याच्यासमोर एकाच वेळी किती कामे होती आणि हीच चूक याआधी त्या जागेवर कोणाकडून झाली होती का? उत्तरे मिळाल्यावर ज्ञापन नेमके कोणाच्या नावाने काढायचे, याचा कदाचित फेरविचार करावा लागेल.